तीन तक्ते, तीन विजेते: सोसायटीची लिफ्ट निवडताना

ठाण्यात पाचपाखाडीला स्टिल्ट अधिक सात मजल्यांची इमारत, २८ फ्लॅट, एकच लिफ्ट. जाळीच्या दाराची, आत ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ अशी पाटी. ती काढून नवी बसवायची, हा ठराव विशेष सर्वसाधारण सभेत वीस मिनिटांत झाला. कोणाकडून बसवायची हे ठरवायला कमिटीला पाच बैठका लागल्या, आणि त्यातल्या चार बैठकांत लिफ्टवर फारसं कोणी बोललंच नाही. भांडण होतं ते गुण कसे द्यायचे यावर.

गुणांचा तक्ता बहुतेकांनी कुठे ना कुठे केलेला असतो. निकष लिहायचे, प्रत्येकाला वेटेज द्यायचं, प्रत्येक पर्यायाला गुण द्यायचे, गुणाकार करून बेरीज घ्यायची. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांत आमचं काय काय चुकलं ते इथे आकड्यांसकट मांडलंय. कंपन्यांना ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ म्हटलंय आणि सगळ्या रकमा जीएसटी धरून आहेत.

‘अ’: किंमत १३.८० लाख; एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) वर्षाला ५२,०००, दरवर्षी ८ टक्के वाढ; बसवताना लिफ्ट बंद ३० दिवस; दार ७०० मिमी.
‘ब’: किंमत १२.४० लाख; एएमसी ४६,०००, वाढ ५ टक्के; बंद ४० दिवस; दार ८०० मिमी.
‘क’: किंमत ११.६० लाख, एएमसी ४२,०००, वाढ ५ टक्के, बंद ५५ दिवस, दार ७०० मिमी.
‘ड’: किंमत ९.९० लाख, एएमसी ६०,०००, वाढ १० टक्के, बंद ४५ दिवस, दार ६०० मिमी.

यातले निम्मे आकडे कोटेशनात नव्हतेच, मागून घ्यावे लागले. एएमसीतली वार्षिक वाढ कोटेशनात कोणीच लिहीत नाही. त्यासाठी कराराचा मसुदा मागवायचा. मसुदा आला की आधी वगळलेल्या भागांची यादी वाचायची. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’, म्हणजे सुटे भाग धरून, म्हणवणाऱ्या एएमसीतून रोप किंवा कंट्रोलरचं (लिफ्ट चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पॅनेलचं) कार्ड गुपचूप बाहेर ठेवलेलं असू शकतं. दिवसांचंही तसंच. ‘ऑर्डरपासून इतके आठवडे’ हा आकडा आपल्या कामाचा नाही, कारण माल येईपर्यंत जुनी लिफ्ट चालूच असते. जुनी बंद झाल्यापासून नवी सुरू होईपर्यंत किती दिवस, हे वेगळं लिहून घ्यायचं. मचाण, वरच्या हुकाचं काम, थ्री फेजची केबल, पिटचं (लिफ्टखालच्या खड्ड्याचं) वॉटरप्रूफिंग ही कामं कोणी स्वतःकडे घेतं, कोणी शेवटच्या पानावर सोसायटीच्या माथी टाकतं. वरच्या किमती ही कामं सगळ्यांत सारखी मिळवून घेतल्यानंतरच्या आहेत.

दाराच्या रुंदीबद्दल थोडं. शाफ्ट, म्हणजे लिफ्ट ज्यातून वर-खाली जाते ती उभी पोकळी, प्रत्येक मजल्यावर ओळंबा सोडून मोजावा लागतो. जुन्या बांधकामात एखाद्या मजल्यावर भिंत इंचभर आत आलेली असते आणि सगळ्या इमारतीच्या दाराची रुंदी तो एक मजला ठरवतो. मधून दोन्हीकडे उघडणाऱ्या सेंटर ओपनिंग दाराला मोकळ्या रुंदीच्या साधारण दुप्पट जागा लागते, एकाच बाजूला सरकणाऱ्या दोन पल्ल्यांच्या टेलिस्कोपिकला दीडपट. ‘ड’ने सेंटर ओपनिंग दिलं होतं, म्हणून ते ६०० मिमीच्या पुढे जात नव्हतं.

पहिला तक्ता

पहिल्या बैठकीत निकष फळ्यावर लिहिले आणि हात वर करून वेटेज ठरवलं: सुरक्षा ३०, किंमत ३५, सर्व्हिस १५, सुटे भाग १०, बंदचे दिवस ५, दाराची रुंदी ५. “लिफ्ट म्हटल्यावर आधी सेफ्टी,” यावर कोणाचं दुमत नव्हतं. गुण ० ते १००. बेरीज आली: ‘ड’ ७७, ‘क’ ६९.६, ‘ब’ ६८.६, ‘अ’ ५४. सर्वात स्वस्त तोच पहिला. खजिनदार खूश, आणि “मग एवढा तक्ता कशाला केला?” हा प्रश्न रास्तच.

गोम सुरक्षेच्या रांगेत होती. चौघांकडेही वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी एआरडी होती, दारात कोणी असेल तर दार मिटू न देणारा लाइट कर्टन, ओव्हरलोडचा सेन्सर, आणि वेग फार वाढला की लिफ्ट रोखणारे गव्हर्नर आणि सेफ्टी गिअर होते. विद्युत निरीक्षकांकडून उभारणीची परवानगी आणि चालवण्याचा परवाना काढून द्यायलाही चौघे तयार होते. त्यामुळे चौघांना १०० पैकी १००. ज्या निकषावर सगळे सारखे, तो निवडीत काहीच करत नाही, नुसती जागा अडवतो. ते ३० काढले की उरतात ७०, त्यात किंमत ३५. म्हणजे कागदावर किमतीचं वजन ३५ टक्के दिसत होतं आणि काम ५० टक्क्यांचं करत होतं. सेफ्टी यादीत सगळ्यात वर लिहिली असं समाधान मानत आम्ही खरं तर निम्मा निर्णय किमतीवर सोपवला होता.

सारखं ते खोडायची युक्ती जुनी आहे. १७७२ साली अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने शास्त्रज्ञ मित्र जोसेफ प्रीस्टलीला पत्रातून हेच कळवलं होतं: कागदाच्या मधोमध रेघ मारायची, बाजूचे मुद्दे एकीकडे, विरुद्धचे दुसरीकडे, तीन-चार दिवस सुचेल तसे लिहीत जायचे, आणि समान वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडायचे. उरतं त्यावर ठरवायचं. आम्ही खोडायचं विसरलो.

सुरक्षेची जागा तक्त्यात नाहीच, ती तक्त्याच्या आधीच्या चाळणीत. चाळणीत हो किंवा नाही, गुण नाहीत. कारण बेरजेच्या तक्त्यात एका ठिकाणची उणीव दुसऱ्या ठिकाणी भरून निघते, आणि दाराच्या इंटरलॉकची (दार उघडं असताना लिफ्ट हलू न देणाऱ्या कुलपाची) उणीव स्वस्त किमतीने भरून निघता कामा नये. पाचवं एक कोटेशन आलं होतं, जुनी जाळीची दारं तशीच ठेवून फक्त मोटार आणि कंट्रोलर बदलणारं. ते चाळणीतच गळलं. किंमत सहा लाखांच्या आसपास होती, तक्त्यात घेतलं असतं तर किमतीच्या रांगेत सगळ्यांना धोबीपछाड दिली असती.

दुसरा तक्ता

किंमत म्हणजे कुठली किंमत, हा प्रश्न दुसऱ्या बैठकीत आला. लिफ्टची खरी किंमत एएमसीत वसूल होते. पहिलं वर्ष वॉरंटीचं, मग नऊ वर्षं एएमसी, असा दहा वर्षांचा हिशेब धरला. दरवर्षी ५ टक्के वाढ असेल तर नऊ वर्षांची बेरीज पहिल्या वर्षाच्या रकमेच्या ११.०३ पट येते. ८ टक्क्यांना १२.४९ पट, १० टक्क्यांना १३.५८ पट. ‘ड’चे ६०,००० गुणिले १३.५८ म्हणजे ८.१५ लाख. दहा वर्षांचा एकूण खर्च असा निघाला: ‘अ’ २०.२९ लाख, ‘ब’ १७.४७, ‘क’ १६.२३, ‘ड’ १८.०५. सर्वात स्वस्त लिफ्ट तिसऱ्या नंबरावर गेली.

(रक्कम ७ टक्के दराने आजच्या मूल्यात आणूनही पाहिली. ‘ड’ खर्चात तिसऱ्याचा दुसरा होतो, अंतिम निकाल हलत नाही. सभेत ही आकडेमोड समजावत बसण्यात अर्थ नव्हता.)

वेटेज तेच ठेवून फक्त ही रांग बदलली. ‘क’ ८५, ‘ब’ ८०.२, ‘ड’ ६१.३, ‘अ’ ५४. नवा विजेता ‘क’. एका आठवड्यात दोन तक्ते आणि दोन विजेते झाल्यावर कमिटीतले दोघे म्हणाले, चिठ्ठ्या टाका आणि मोकळे व्हा.

वेटेज कशाला द्यायचं

‘किंमत महत्त्वाची की सर्व्हिस?’ हा प्रश्नच फसवा आहे. हवेत विचारला तर किंमत नेहमी जिंकते. विचारायचं असं: आपल्या समोरच्या चार पर्यायांत सर्वात वाईट आणि सर्वात चांगला यांत जे अंतर आहे, ते अंतर आपल्याला किती मोलाचं?

खर्चातलं अंतर २०.२९ वजा १६.२३, म्हणजे ४.०६ लाख. भागिले २८ फ्लॅट, १४,५०० रुपये. भागिले १२० महिने, म्हणजे फ्लॅटमागे महिन्याला साधारण १२१ रुपये. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा किमतीवरचं भांडण तिथेच थंडावलं. दिवसांतलं अंतर २५. सातव्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना पंचवीस दिवस जास्त जिना चढायला लावायचा की महिना १२१ रुपये द्यायचे, अशी तुलना झाल्यावर ज्या निकषाला आम्ही ५ दिले होते तो ५ वर राहणं शक्य नव्हतं.

करायची रीत सोपी आहे. एक काल्पनिक कंपनी धरायची, जी सगळ्याच निकषांवर या चौघांतली सर्वात वाईट आहे: खर्च २०.२९ लाख, बंद ५५ दिवस, तक्रारीनंतर माणूस दुसऱ्या दिवशी, कंट्रोलर कुलूपबंद (फक्त कंपनीच्याच टूलने उघडणारा), दार ६०० मिमी. यातली एकच गोष्ट वाईटाची चांगली करता येणार असेल तर कुठली कराल? ती १००. मग पुढची, पहिलीच्या तुलनेत किती? आमच्याकडे सर्व्हिस १००, खर्च ९०, सुटे भाग ९०, दिवस ८०, दार ४०. बेरीज ४००. शंभरावर आणलं: सर्व्हिस २५, खर्च २२.५, सुटे भाग २२.५, दिवस २०, दार १०.

हे सगळ्यांनी एकत्र बसून करायचं नाही. सात जणांनी आपापल्या कागदावर लिहायचं, मग कागद उघडायचे. एकत्र बसलं की जो आधी बोलतो त्याच्या आकड्याभोवती बाकीचे घुटमळतात. आमच्याकडे सेक्रेटरी आधी बोलतात. जिथे आकडे फार फाकले तिथेच चर्चा करायची. सरासरी शेवटी.

गुणांची पट्टी

गुण देण्याआधी प्रत्येक गुणाचा अर्थ लिहून ठेवला नाही तर सगळ्यांना ७० मिळतात. सर्व्हिसच्या रांगेत ‘ब’ला दोघांनी ४० आणि दोघांनी १०० दिले होते. सरासरी ७० दिसायला साजरी, पण असं मत कोणाचंच नव्हतं. विचारल्यावर कळलं, एकाच्या डोक्यात रात्रीची तक्रार होती, दुसऱ्याच्या डोक्यात दुपारची. मग पट्टी लिहिली: रात्री-रविवारीसुद्धा दोन-तीन तासांत माणूस, १००; दिवसा तीन-चार तासांत, ८०; त्याच दिवशी कधीतरी, ४०; दुसऱ्या दिवशी, ०. आणि गुण मनाने द्यायचे नाहीत. प्रत्येक कंपनीची लिफ्ट असलेल्या तीन-तीन सोसायट्यांना फोन केले, शक्यतो कंपनीने दिलेल्या यादीबाहेरच्या. तिथे सेक्रेटरीऐवजी वॉचमनशी बोलावं. लिफ्ट अडकल्यावर फोन तोच करतो आणि माणूस किती वाजता आला ते त्याच्या लक्षात असतं. ‘ब’चा मेकॅनिक ठाण्यातल्याच वागळे इस्टेटमधून येतो, ‘ड’चा कल्याणहून. पट्टीवर ‘अ’ १००, ‘ब’ ८०, ‘क’ ४०, ‘ड’ ०.

सुट्या भागांची रांग खरं तर कंट्रोलरची. काही कंट्रोलर फक्त बनवणाऱ्या कंपनीच्या टूलने उघडतात. पुढे एएमसी महाग झाली तरी दुसऱ्याला देता येत नाही. पासवर्ड पहिल्या दिवसापासून सोसायटीकडे आणि भाग बाजारात मिळणारे, १००. पासवर्ड वॉरंटीनंतर, पण करारात लिहून, ६०. कुलूपबंद, ०. ‘अ’ ०, ‘ब’ ६०, ‘क’ आणि ‘ड’ १००. इथे दुहेरी मोजणीचा धोका असतो: ‘एएमसीचा दर’ अशी वेगळी रांग काहींना हवी होती, पण तो दर खर्चात आलेलाच होता. तीच गोष्ट दोन रांगांत आली की तिचं वेटेज न सांगता दुप्पट होतं.

खर्च आणि दिवस यांना सरळ पट्टी: सर्वात वाईट ०, सर्वात चांगला १००, मधले प्रमाणात. ‘ब’च्या खर्चाला (२०.२९ − १७.४७) ÷ ४.०६, म्हणजे ६९, ‘ड’ला ५५. दिवसांत ‘अ’ १००, ‘ब’ ६०, ‘ड’ ४०, ‘क’ ०. दाराला मात्र सरळ पट्टी लावली नाही. ६०० मिमीतून नेहमीची व्हीलचेअर जात नाही, ७०० मधून कशीबशी जाते, ८०० मधून आरामात. ६०० ते ७०० ही उडी मोठी आणि पुढची लहान. म्हणून ०, ८०, १००.

तिसरा तक्ता

‘ब’चा हिशेब पूर्ण लिहितो: खर्च ६९ × ०.२२५ = १५.५, दिवस ६० × ०.२० = १२; सर्व्हिस ८० × ०.२५ = २०; सुटे भाग ६० × ०.२२५ = १३.५, दार १०० × ०.१० = १०. एकूण ७१. त्याच रीतीने ‘क’ ६३, ‘अ’ ५३, ‘ड’ ४२.९. पहिल्या तक्त्यात पहिला आलेला ‘ड’ आता शेवटचा.

बेरजेचा कॉलम गुण भरून होईपर्यंत लपवून ठेवा. आधी तो उघडा होता, आणि एक सभासद एकूण बघत बघत गुण सुधारत होते. प्रामाणिकपणे; त्यांना ते कळतही नव्हतं.

एवढ्यावर थांबलो नाही, तक्ता हलवून पाहिला. खर्चाचं वेटेज २२.५ वरून वाढवत नेलं (बाकीची त्याच प्रमाणात कमी करत), तर ‘क’ पुढे जायला ते ३८ च्या वर न्यावं लागतं. दिवसांचं वेटेज २० वरून कमी करत नेलं तर ८ च्या खाली ‘क’ जिंकतो. सगळ्यांना सारखे २० दिले तरी ‘ब’ ७३.८, ‘क’ ६४, ‘अ’ ५६, ‘ड’ ३९, क्रम तोच. यात नवल नाही. रॉबिन डॉज या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली दाखवलं होतं की निकष नीट निवडलेले असले तर सारख्या वेटेजवरही अंदाज चांगले येतात. आमचा सगळा घोळ निकषांच्या व्याख्येत आणि पट्टीत झाला होता, वेटेजच्या दशांशावर घातलेला वाद वाया गेला.

पट्टी बदलली की मात्र क्रम हलतो. ‘सर्वात कमी किंमत भागिले याची किंमत’ हे सूत्र सरकारी निविदांत किंमत आणि गुणवत्ता एकत्र मोजताना सहसा असतं. त्याने खर्चाचे गुण ‘अ’ ८०, ‘ब’ ९३, ‘क’ १००, ‘ड’ ९० येतात. सगळं अंतर वीस गुणांत आवळलं जातं, वेटेज २२.५ लिहिलेलं असूनही काम त्याच्या पाचव्या हिश्शाचंच होतं, आणि सर्वात महाग ‘अ’ ७१ गुणांनी दुसरा येतो. सूत्र चूक नाही, पण आम्ही वेटेज ठरवलं ते ४.०६ लाखांच्या अंतराला धरून, त्यामुळे पट्टीही त्याच अंतराची हवी.

पंचेचाळीस दिवस

तक्त्याचा एक उपयोग आधी लक्षात आला नव्हता: कोणाशी कशावर घासाघीस करायची ते तो सांगतो. ‘क’ मागे होता तो मुख्यतः दिवसांवर, ‘ब’पेक्षा १२ गुणांनी. विचारल्यावर ‘क’ म्हणाला, दोन पाळ्या लावून ४५ दिवसांत देतो. गुण ० चे ४०, बेरजेत ८ ची भर: ‘क’ ७१, ‘ब’ ७१. (इथे पट्टी ३० ते ५५ चीच ठेवायची. आता सर्वात वाईट ४५ म्हणून पट्टी ३० ते ४५ केली तर ‘ब’चे दिवसांचे गुण ६० वरून ३३ वर येतात, त्याने काहीही केलेलं नसताना.)

अशी बरोबरी झाली की तक्त्याकडून आणखी काही मागू नये. गुण देतानाची चूकच पाच-सात गुणांची असते. आम्ही दोघांना एकच कलम पाठवलं: कबूल दिवसांनंतर रोज २,००० रुपये दंड, अंतिम बिलातून वळता. ‘ब’ने ४० दिवसांवर सही केली. ‘क’ दंड मान्य करायला तयार होता, पण ५५ दिवसांनंतरचा. मग ४५ ला गुण कसे देणार? ‘क’ परत ६३ वर आला.

तिन्ही तक्ते इतिवृत्ताला जोडून सभेत ठेवले. पहिले दोन जोडायला एकाचा विरोध होता, चुका कशाला दाखवायच्या म्हणून. पण पहिला प्रश्न “स्वस्तवाला का नाकारला?” हाच आला आणि त्याचं उत्तर दुसऱ्या तक्त्यात होतं.

लिफ्ट ४३ व्या दिवशी सुरू झाली. तीन दिवसांचे ६,००० बिलातून कापले. एक्सेलमध्ये ‘ब’च्या रांगेत ४० च्या जागी ४३ टाकलं तर बेरीज ६८.६ होते. पासवर्डचं पाकीट वॉरंटी संपल्यावर यायचंय. ती तारीख सेक्रेटरींच्या केबिनमधल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.